गळ टाकणाऱ्याची कैफियत

आमच्या वर्गात मला 'बगळा' म्हणतात. पाण्याच्या कडेला तासन्‌तास एका जागी बसून राहणे, हा माझा अपराध. गेल्या वर्षी एकदा नदीवर आमच्या एका सरांनी मला गळ टाकून बसलेला पाहिले आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात विचारले, "काय रे, हा विषय स्पर्धा परीक्षेच्या कुठल्या पेपरला असतो?" वर्ग हसला. मीही हसलो. पण उत्तर मात्र मला त्या वेळी सुचले नाही. ते आता वर्षभराने वार्षिकांकातून देण्याचे धाडस करीत आहे. सरांनी आणि मित्रांनी सांभाळून घ्यावे.

खरे म्हणजे माझ्यावरचे आरोप एक नाही, तीन आहेत. पहिला सरांचा : हा वेळेचा अपव्यय आहे. दुसरा माझ्या आजीचा. आजी माळकरी. जनाबाईच्या गावात जन्मून, रोज देवळाच्या पायरीला हात लावून पुढे जायचे आणि त्याच गंगेच्या काठावर मुक्या जिवाच्या घशात काटा घालायचा, हे तिला बघवत नाही. "पोटासाठी मारलं तर एक वेळ समजंल; पर खेळ म्हणून जीव घ्यायचा?" हा तिचा प्रश्न. तिसरा आरोप माझ्या एका वर्गमित्राचा. त्याच्या घरी मासेमारीचा पिढीजात धंदा आहे. तो एकदा सहज बोलून गेला, "तुमचा खेळ होतो, आमचं पोट जातं." तिन्ही माणसे माझी, आणि तिघांचेही म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. म्हणून ही कैफियत.

आधी ऋतूविषयी सांगतो. गंगाखेडला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पावसाळ्यात ती गढूळ, मातकट, अनोळखी असते. पितृपक्ष सरून आश्विन लागला की पाणी निवळू लागते. काठाचा गाळ बसतो, सकाळी पाण्यावर पातळ धुके असते आणि दहाच्या सुमारास ऊन असे चढते की पाठ भाजून निघते. नवरात्रापासून कार्तिकापर्यंतचे हे दीड-दोन महिने गळ टाकणाऱ्याचे खरे दिवस. पावसाळ्यात चरून मासा अंगाने भरलेला असतो, पाणी स्वच्छ असल्याने त्याला आमिष दिसते, आणि थंडी पडून तो सुस्त व्हायला अजून अवकाश असतो.

साहित्य म्हणाल तर फार लागत नाही. एक बांबूची काठी, पंधरा-वीस हात तंगूस, एक गळ, शिशाचा एक मणी आणि पाण्यावर तरंगायला कडब्याच्या ताटाचा बोटभर तुकडा. आमिष गांडुळाचे किंवा कणकेच्या गोळीचे. तो तुकडा नुसता थरथरला तर समजावे, बारीक मासळी टोचते आहे. तिरपा होऊन सरकू लागला तर वाम किंवा शिंगाडा. आणि एकदम नाहीसाच झाला तर मग मन थाऱ्यावर ठेवून हात उचलायचा. हे सगळे वाचून शिकता येत नाही. बसूनच शिकावे लागते.

मात्र वाचायला मिळाले तेही मी सोडले नाही. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या डोंगरांतल्या तळ्यांवर शरद ऋतूत ब्रुक ट्राउट नावाचा मासा धरतात, त्याची वर्णने मी अधाशासारखी वाचली. ते लोक गांडूळ लावत नाहीत. कोंबड्याची पिसे आणि रंगीत दोरा गळावर बांधून ते एक खोटी माशी तयार करतात. ती वजनाने पिसासारखीच, म्हणजे फेकली तर चार हातही जायची नाही. म्हणून दोरीच जाड व जड घेतात. ती डोक्यावरून मागेपुढे झुलवून असा झोका देतात की माशी शेवटी पाण्यावर अलगद उतरते. माशाला वाटते, किडाच पडला. तो वर झेपावतो आणि फसतो. या कलेवर तिकडे शेकडो ग्रंथ आहेत. आपल्या देशातही विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट आणून सोडला, निलगिरीतही सोडला. मराठवाड्यात तो जगणार नाही. त्याला बारमाही थंड पाणी लागते, आणि आपली गंगा एप्रिलमध्ये चुलीवर ठेवल्यासारखी तापते.

ट्राउट नाही तर नाही, पण खोटे आमिष आपल्याकडेही चालते. आपल्या डोहांतली मरळ बेडकावर झडप घालते. जुने लोक गळाला जिवंत बेडूक लावीत. हल्ली रबराचा बेडूक विकत मिळतो. मीही मोबाईलवरून एक मागवला. हिरव्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा, मागे दोन झिरमिळ्यांचे पाय. सोबत रीळ लावलेली एक काठीही घेतली. त्या दिवसापासून मला वाटू लागले की आपण नुसते मासे धरणारे नाही, कलावंत आहोत. माणसाला असे वाटू लागले की त्याच्या हातून काहीतरी चुकायची वेळ जवळ आलेली असते.

आश्विनाचे पहिले दिवस होते. गावापासून थोड्या अंतरावर नदीकाठी एक जुना डोह आहे. पुराचे पाणी ओसरले की तो मुख्य प्रवाहापासून वेगळा पडतो. कडेला लव्हाळे, पाण्यावर पानवेल. त्या पानवेलीजवळ मला पाण्यावर एक तांबूस डाग दिसला. हातभर रुंद, सतत हलणारा, मध्येच बुडणारा आणि पुन्हा वर येणारा. नीट पाहिले तर ती इवल्या इवल्या माशांची दाटी होती. मी बेडूक त्या डागाच्या पलीकडे फेकला आणि त्याच्यावरून ओढीत आणला. दुसऱ्याच फेकीला पाणी फुटल्यासारखा आवाज झाला. काठी वाकली. दहा मिनिटांनी काठावरच्या गवतात अडीच किलोची मरळ पडली होती. एवढा मासा मी आयुष्यात कधी धरला नव्हता. मी मोबाईल काढला आणि तिच्याबरोबर स्वतःचे चार-पाच फोटो घेतले.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूने माझ्या त्या वर्गमित्राचे चुलते आले. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून ते जाळे लावतात, हे मी नेहमी पाहत असे. त्यांनी मासा पाहिला, माझ्याकडे पाहिले, मग डोहाकडे पाहिले. मला वाटले, आता शाबासकी देणार.

ते म्हणाले, "लेकरा, ही कुठं घावली?"

मी पानवेलीकडे बोट केले.

"लाल पिलं व्हती का वर?"

"होती, काका."

ते जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ती खायाला नव्हती आली रे. राखण करायली व्हती. तुझा बेडूक पिलावर आला म्हणून धावली. आता बघ तिकडं."

मी पाहिले. तो तांबूस डाग अजून तिथेच होता. पण आता त्याच्या खालून, बाजूने, पाण्याचे लहान लहान बुडबुडे फुटत होते. बारीकसारीक मासे त्या दाटीत घुसत होते. बघता बघता डाग फाटला, त्याचे दोन झाले, मग तीन. अर्ध्या तासात पाणी मोकळे झाले. मी सगळे डोळ्यांदेखत पाहिले. मरळ अजून गवतात तोंड उघडत होती. मरळीला वरची हवा घेता येते, त्यामुळे ती पाण्याबाहेरही पुष्कळ वेळ जगते. मी ती उचलून पाण्यात सोडली. ती गेली, पण तिला राखायला आता फारसे काही उरले नव्हते.

काका जाताना म्हणाले, "आमी जाळंवाले. आमी काय लई पुण्यवान न्हाई. पर पिलावरची मरळ आमच्या बापानं कधी धरली न्हाई. पुढच्या साली काय धरावं मग?"

घरी आल्यावर मी ते फोटो पुसून टाकले. पण विचार पुसला जाईना. नंतर वाचले की मरळीची जोडी अंडी आणि पिले यांचे रक्षण करते, पिले हवा घेण्यासाठी वारंवार वर येतात म्हणून ती अशी लाल दाटी दिसते, आणि पिलांजवळ काहीही आले तरी आईबाप त्याच्यावर तुटून पडतात. म्हणजे माझी कलाबाजी, माझा नेम, माझा रबरी बेडूक यांचा त्यात काहीच पराक्रम नव्हता. मी एका आईच्या मायेला गळ लावला होता.

मग मी ती ट्राउटची वर्णने पुन्हा काढून वाचली, आणि पहिल्या वाचनात डोळ्यांआड झालेली एक गोष्ट आता दिसली. ब्रुक ट्राउटचा विणीचा हंगाम शरदातच असतो. त्या दिवसांत नराचे पोट शेंदरी होते, परांच्या कडा पांढऱ्याशुभ्र दिसतात, म्हणून तर तो इतका देखणा. परंतु याच कारणाने तिकडे कितीतरी पाण्यांवर शरदात मासेमारी बंद ठेवतात, किंवा धरलेला मासा सोडून देण्याचा नियम असतो. आपल्या आवडत्या माशाचे सर्वांत सुंदर दिवस आणि त्याचे सर्वांत नाजूक दिवस हे एकच असतात, हे त्या लोकांना अनुभवाने समजले आणि त्यांनी त्याचा कायदा केला.

तिकडचे सारेच काही शहाणपणाचे आहे, असे मात्र नाही. ब्रुक ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. हौशी लोकांनी तो पश्चिमेकडच्या उंच डोंगरांतल्या तळ्यांत नेऊन सोडला. त्यांतल्या अनेक तळ्यांत पूर्वी मासाच नव्हता, तेथे बेडकांचे राज्य होते. ट्राउटनी बेडकांची पिले खाऊन टाकली. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात तर बेडूक वाचवण्यासाठी या शतकाच्या आरंभापासून काही तळ्यांतले ट्राउट जाळी लावून काढावे लागत आहेत. आपल्याकडे तरी दुसरे काय झाले? १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया भारतात आणला गेला. त्यालाच आपण चिलापी म्हणतो. तो आज जवळजवळ प्रत्येक तलावात आहे. आफ्रिकी मागूर पाळण्यावर २००० साली केंद्र सरकारने बंदी घातली, कारण तो इतर मासे खाऊन फस्त करतो. हौस असो वा नफा, पाण्यात जे सोडले ते पुन्हा गोळा करता येत नाही.

आता आपल्या नदीकडे येऊ. १९७६ साली पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाले. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी आणि डिग्रस असे एकामागून एक बंधारे गंगेवर उभे राहिले. पाणी अडले, शेते भिजली, हे उपकार मोठेच आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तो दुष्काळ मला आठवतो. मी लहान होतो आणि पात्रातल्या कोरड्या वाळूतून चालत गेलो होतो. तेव्हा पाणी अडवण्याला कोण नाही म्हणेल? पण नदीतल्या माशाला पाण्याबरोबर वाटही लागते. मृगाचा, आर्द्राचा पहिला लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांत, नाल्यांत, भरलेल्या शेतांत अंडी घालतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. आणि त्याच दिवसांत आपण काय करतो? नाल्याच्या तोंडाशी मच्छरदाणी लावून पोटात अंडी असलेला प्रत्येक मासा पिशवीत भरतो, आणि 'चढणीचा मासा चवीला न्यारा' म्हणून मिटक्या मारतो. किलोभर वजनाच्या रोहूच्या मादीच्या पोटात सुमारे दोन लाख अंडी असतात. एका जेवणात आपण दोन लाख मासे जेवतो, याची आपल्याला दाद नसते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे आपण भूगोलात पाठ करतो. नाल्याच्या तोंडाशी उभे राहिलो की तो भूगोल आपण विसरतो.

त्यात वाळूचा उपसा. रात्री पात्रातून यंत्रांचा आवाज येतो, तो गावातल्या सर्वांनी ऐकलेला आहे. वाळू ही नदीची गादी. ती उचलली की पाणी धरून ठेवणारे काही राहत नाही, उरतात ते खड्डे. आपल्या तालुक्यात एका नदीचे नावच मासोळी आहे, तिच्यावरचे धरणही त्याच नावाचे. नदीच्या नावात मासा राहावा आणि पाण्यातून जावा, असे होऊ नये.

येथे कुणी म्हणेल, गळवाल्याची कैफियत सोडून हा भलतीकडे वाहत गेला. तसे नाही. माझे म्हणणेच हे आहे की हे सगळे मला दिसले ते गळामुळे. पूर्वी मीही पुलावरून रोज नदी ओलांडीत होतो, आणि खाली पाणी आहे की नाही एवढेच पाहत होतो. गळ घेऊन बसल्यावर कुठल्या आठवड्यात पाणी निवळले, कुठे वास यायला लागला, कोणता मासा तीन वर्षांत एकदाही लागला नाही, हे कळू लागले. १८३९ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचे शास्त्रीय वर्णन लिहिले. पुढे तोच मासा नद्यांतून नाहीसा होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर १९७० च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याची कृत्रिम पैदास करून दाखवली. आधी कुणीतरी मासा पाहिला, नोंदला, त्याच्यावर जीव लावला, म्हणून पुढे त्याला वाचवणारा निघाला. ज्याला नदीतल्या एकाही माशाचे नाव ठाऊक नाही, तो नदीसाठी भांडायला कशाला उठेल?

म्हणून सरांना माझे उत्तर असे : सर, हा विषय कुठल्याच पेपरला नाही, हे खरे. पण ज्या नदीचे पाणी पिऊन आपण पेपर लिहितो, तिच्याकडे रोज दोन तास बघणारे कुणीतरी गावात असायला हवे.

आजीला उत्तर देणे अवघड आहे. तिचा प्रश्न खरा आहे आणि मी तो पूर्ण सोडवू शकलेलो नाही. एवढे मात्र ठरवले आहे : धरायचा तो खाण्यासाठी, सोडायचा तो वंशासाठी, फोटोसाठी धरायचा नाही. काही हौशी मंडळी म्हणतात, आम्ही धरतो आणि सोडून देतो, म्हणजे हिंसा नाहीच. मला ते पटत नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. रोहूसारखा मासा झुंजून थकला आणि वर फोटोसाठी मिनिट-दोन मिनिटे बाहेर ठेवला, तर सोडल्यावर पोहून जातो खरा, पण जगतोच असे नाही. लहान किंवा अंडी असलेला मासा सोडणे हे कर्तव्य आहे. खेळ करून सोडणे ही दया नव्हे.

आणि मित्राला उत्तर? त्याच्याशी मी वाद घालत नाही. तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, त्यांत बीज त्यांनी पैसे घालून सोडलेले असते. तेथे न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसे मोडणे. यापुढे मी विचारल्याशिवाय टाकणार नाही. नदीवर टाकीन, पण घरच्या एका कालवणापुरते मिळाले की काठी गुंडाळीन. जास्त हवे असेल तर त्याच्या काकांकडून विकत घेईन. हा खेळ असला तरी त्याला कुणाच्या पोटाच्या आड येण्याचा अधिकार नाही.

शेवटी माझ्यासारख्या बगळ्यांना आणि प्राध्यापक मंडळींना एक विनंती. आपल्या ग्रंथालयात एक साधी वही ठेवावी, दोनशे पानी. तिच्यात दर आठवड्याला नदीच्या पाण्याची पातळी, रंग, वास, आणि त्या आठवड्यात कुणाच्या जाळ्यात किंवा गळाला कोणता मासा आला, एवढेच लिहावे. मुलांनी लिहावे, आणि माशांची नावे भोई समाजातल्या जाणत्या माणसांना विचारून लिहावीत. कारण ती नावे त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाहीत. आषाढ-श्रावणात मात्र त्या वहीत एकच नोंद असावी : 'गळ बंद.' दहा वर्षांनी ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाची ठरेल, असे मला वाटते.

पहिले पान मी लिहून ठेवले आहे. तारीख, डोहाची जागा, आणि पुढे : 'मरळ एक. पिले होती. माझी चूक.'